न दुखणारा पाय

माझ्या नवऱ्याच्या पायाला जखम झाली ती देवीच्या वाटेवर. हे आधीच सांगून टाकते, कारण अनुभव लिहायला बसलं की माणूस गोड तेवढं लिहितो आणि कडू गिळून टाकतो. मला तसं जमणार नाही. ते अनवाणी चालत होते, तोंडाने तिचंच नाव घेत होते, आणि तरी काचेचा तुकडा त्यांच्याच तळव्यात शिरला. पुढे दवाखान्याच्या फरशीवर बसून मी किती वेळा हाच विचार केला, की जिच्या वाटेवर हे झालं तिच्याकडे आता कोणत्या तोंडाने मागायचं, आणि तिच्याकडे नाही तर मग कोणाकडे.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, दरेकशाच्या बाजूला, जंगलाला लागून. घरची धानाची शेती. डोंगरापलीकडे छत्तीसगड सुरू होतं आणि तिथे डोंगरगडावर बमलाई माता आहे. रेल्वेने गेलं तर लवकर पोचता येतं, पण हे लग्नाच्या आधीपासून दर नवरात्रात पायीच जात. धान निसवून लोंब्या आलेल्या असतात, बांधावर दव असतं, आणि गावातली माणसं झेंडे घेऊन निघतात. सगळ्यांत पुढे हे. बाकीचे लोक वाटेत थांबून पायाला तेल चोळत, फोड फोडत. यांना काहीच होत नसे. दोन-तीन वर्षांपासून तर ते सांगत, की चालताना खाली गिट्टी आहे का गवत आहे तेसुद्धा कळत नाही, जणू कोणी उचलून नेतं. गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. म्हाताऱ्या बायका त्यांच्या पाया पडत. मी पण मनातून फुलून जायची. आम्ही सगळे म्हणायचो, आईची कृपा आहे.

त्यांना साखर आहे हे आम्हाला माहीत होतं. गोळी मिळे तेव्हा घेत, संपली की राहून जाई. पण साखरेचा आणि पायाचा काही संबंध असतो हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारावं असं आमच्याही डोक्यात आलं नाही.

त्या वर्षी ते परत आले तेव्हा मी पाय धुताना पाण्यात रक्त पाहिलं. तळव्यात काच होती. ते हसले आणि म्हणाले, दुखतच नाही तर काय काळजी. मी हळद भरली. दिवाळीपर्यंत जखम भरली नाही, उलट वास यायला लागला. गावच्या उपकेंद्रातून मलम मिळालं, मग तालुक्याला गेलो, तिथून गोंदियाला मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. लिहून काही होणार नाही, आणि तिथेच ते जगले हेही खरं आहे.

ज्यांना अशा ठिकाणी राहायची वेळ आली नाही त्यांना समजणार नाही, की तिथे आजारापेक्षा जास्त थकवतं ते न कळणं. आम्हाला खाट मिळाली. रोज पट्टी बदलत होते, सलाइन लावत होते. पण काय चाललं आहे ते कोणाला विचारायचं हेच मला कळेना. सिस्टर म्हणे, डॉक्टरांना विचारा. लहान डॉक्टर म्हणे, "माताजी, राउंड में बड़े सर बताएंगे." मोठे सर यायचे तेव्हा नातेवाइकांना वॉर्डाबाहेर काढत. एक्स-रे एका इमारतीत, रक्ताचा रिपोर्ट दुसरीकडे, आणि सरकारी योजनेच्या खिडकीवर माणूस कधी असतो ते त्यालाच ठाऊक. मी पिशवीत कागद घालून या दारातून त्या दारात जायची. संध्याकाळी येऊन यांच्या उशाशी बसायची आणि हे विचारत, काय म्हणाले? मी सांगायची, बरं होऊन राहिलं म्हणाले. मला खरंच तसं वाटत होतं. पट्टीच्या बाहेर बोटं काळी दिसत होती, पण मी समजायची की औषधाचा रंग आहे.

मी रोज आईला म्हणत होते, त्यांचा पाय वाचव. दुसरं काही मागितलं नाही. बाहेर पिंपळाखाली कोणीतरी शेंदूर लावलेला दगड ठेवला होता, तिथे जाऊन डोकं टेकवायची. मागताना मनात राग पण होता, तो मी तिच्यापासून लपवला नाही. तुझ्याच वाटेवर हे झालं, आता तूच निस्तर, असं मी तिला सरळ म्हणत होते.

यांचा धाकटा भाऊ, आमचे भाऊजी, अधूनमधून दवाखान्यात येत असत. एक दिवस ते सकाळी आले आणि म्हणाले, वहिनी, सामान बांधा, दादाला घरी नेऊ. सीमेपलीकडच्या एका गावात जडीबुटीवाला आहे, असे पाय त्याने बरे केले आहेत, इथे पडून काही होत नाही. मला ते पटलं. रोज पट्टी बदलण्यापलीकडे इथे काही होतही नव्हतं. भाऊजींनी कुठेतरी सही केली, सिस्टरने सलाइन काढलं, आणि आम्ही यांना स्ट्रेचरवर घालून दवाखान्याच्या फाटकाजवळ आणलं. गाडी यायची होती. ड्रायव्हरचा फोन आला, की रेल्वेचं फाटक बंद आहे, मालगाडी उभी आहे, वेळ लागेल. भाऊजी चिडले. आम्ही यांना लिंबाच्या सावलीत ठेवलं आणि वाट पाहत बसलो.

तिथे ती बाई आली. साठीच्या पुढची असेल, पांढरे केस मागे बांधलेले, सुती साडी, हातात कोणा दुसऱ्याची फाइल. पुढे कळलं की त्या गोंदियालगतच्या मुर्रीकडच्या, शाळेतून हेडमास्तरीण म्हणून निवृत्त झालेल्या, आणि आठवड्यातले बरेच दिवस दवाखान्यात येतात, कोणाला रक्तपेढी दाखवतात, कोणाला खिडकीवर उभं करतात. सगळे त्यांना मॅडमच म्हणतात. त्या दिवशी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या आमच्या बाजूने पुढे गेल्या, आणि पुन्हा मागे आल्या. वासाने आल्या असाव्यात. त्यांनी यांच्या पायावरची चादर जराशी उचलून पाहिली आणि कुठे नेता म्हणून विचारलं. भाऊजी म्हणाले, घरी. त्यांनी भाऊजींकडे पाहिलंच नाही, मला विचारलं.

"तू याची बायको ना? डाक्टरनं तुले काय सांगतलं?"

मी म्हटलं, काही नाही सांगितलं, बरं होऊन राहिलं म्हणतात.

"कोन म्हनते बरं होऊन राहिलं?"

मला नाव सांगता येईना. एवढ्या दिवसांत तसं मला कोणीच म्हटलेलं नव्हतं. ते मीच म्हणत होते.

त्या म्हणाल्या, गाडी येईपर्यंत चल माझ्यासोबत. आवाजात माया नव्हती. शाळेत उशिरा आलेल्या पोरीला आत घ्यावं तसं त्यांनी मला पुढे घातलं. भाऊजी अडवू लागले, की सही झाली आहे, आता काय विचारायचं. त्या थांबल्या नाहीत. कोणत्या जिन्याने गेलं की सर्जरीच्या डॉक्टरांची खोली लागते हे त्यांना माहीत होतं. मी त्या जिन्याखालून रोज जात होते आणि वर काय आहे ते मला माहीत नव्हतं. मोठे डॉक्टर ऑपरेशनला निघाले होते. मॅडम दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, या बाईला तिच्या नवऱ्याबद्दल एकदा समोर बसवून सांगा, मग जा.

डॉक्टर वाईट माणूस नव्हता. दमलेला होता. त्याने खुर्ची ओढून मला बसायला सांगितलं आणि म्हणाला, पेशंटच्या भावाला तर मागेच सांगितलं होतं. पायात सडण सुरू आहे, विष वर चढतं आहे. पाय कापला तर माणूस वाचेल. घरी नेलं तर थोड्या दिवसांचा सोबती आहे.

भाऊजींना माहीत होतं. घरच्या इतर पुरुषांनी आपसात ठरवलं होतं, की बाईमाणसाला सांगून काय उपयोग, रडारड करेल. दवाखान्याच्या हिशेबाने नातेवाइकांना सांगून झालं होतं. घरच्यांच्या हिशेबाने मला न सांगणं हीच माझी काळजी होती. आणि मधल्या सगळ्या दिवसांत तो पाय इंच इंच वर काळा होत होता.

मग डॉक्टरांनी विचारलं, पायाला कळेनासं केव्हापासून झालं होतं? मी सांगितलं, दोन-तीन वर्षं झाली असतील, अनवाणी चालत तरी दुखत नसे. ते म्हणाले, साखरेने नसा मेल्या होत्या, म्हणून दुखत नव्हतं. तेव्हाच दाखवायला पाहिजे होतं.

मला वाटलं, खुर्चीसकट मी खाली चालले आहे. ज्याच्यासाठी बायका त्यांच्या पाया पडत होत्या, ज्याला आम्ही आईची कृपा म्हणत होतो, तो आजार होता. ती उचलून नेत नव्हती. पाय मरत होता, आणि आम्ही त्याच्यापुढे नारळ फोडत होतो.

खाली आलो. मी यांना सगळं सांगितलं, लपवलं नाही. माझ्या तोंडून ते शब्द कसे निघाले मला माहीत नाही. यांनी चादर पायावर ओढून घेतली. मग म्हणाले, "आईले पाय पाहिजे होता तं देवळात मांगतला असता. इथं कायले मांगते?"

मॅडम जवळ उभ्या होत्या. त्या यांच्याशी बोलल्या, तेही आधीसारखंच, कोरडं.

"भाऊ, मी कोनत्या देवाले हात जोडत नाई. तुमच्या आईच्या मनात काय आहे ते मले नाई माहीत. पन हा पाय आता तुमचा नाई राह्यला. बाकीचं आंग अजून तुमचं आहे. ते कोनाले द्याचं ते तुमी ठरवा."

तेवढ्यात गाडी आली. ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. भाऊजींनी स्ट्रेचरला हात घातला. मी दुसऱ्या बाजूने धरून ठेवलं. आयुष्यात मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नव्हता, त्या दिवशी पदर कुठे होता मला आठवत नाही. मी म्हटलं, "भाऊजी, गाडी परत जाऊ द्या." ते म्हणाले, काही कमीजास्त झालं तर तुमच्यावर राहील. मी म्हटलं, राहू द्या. यांनी डोळे मिटून घेतले आणि एवढंच म्हणाले, तू म्हणशील तसं. तो होकार नव्हता, हे मला तेव्हाही कळलं. भाऊजी त्याच गाडीत बसून निघून गेले.

त्या दिवसाचे पुढचे हाल मी थोडक्यात सांगते. दवाखान्यातून सुट्टी घेतली होती म्हणून यांचं नाव निघालं होतं, खाट दुसऱ्याला दिली होती. पुन्हा केस पेपर, पुन्हा भरती. हे जमिनीवर गादी टाकून पडले. मॅडम माझ्यासोबत एकेका दारात उभ्या राहिल्या. माझ्यासाठी त्या कोणाशी भांडल्या नाहीत, फक्त हलल्या नाहीत. समोरचा माणूस नंतर या म्हणाला की त्या विचारत, नंतर म्हणजे कोणाकडे आणि केव्हा, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथेच उभ्या राहत. मला म्हणाल्या, असंच विचारायचं, खाली मान घालून परत यायचं नाही. मी त्यांना विचारलं, तुम्ही का येता इथे. "रिकामी आहे म्हनून," त्या म्हणाल्या. मी कितीदा विचारलं असेल, याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी आले. गावाहून पहिल्या गाडीने आले असावेत. माझ्याशी बोलले नाहीत. रक्त लागणार होतं, त्यांनी बाही वर केली आणि रक्तपेढीच्या दारात जाऊन बसले. मी त्यांच्यावरचा राग अजून पुरता सोडलेला नाही, पण ती वर केलेली बाही पण मी विसरलेली नाही.

पाय मांडीतून कापला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, वाचतील. मग म्हणाले, थोडे आधी आला असता तर गुडघा राहिला असता. त्यांनी वाईट मनाने म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "आम्ही इथंच होतो, साहेब."

ते मान खाली घालून आत गेले.

आता वर्ष उलटून गेलं. लोक विचारतात, मग देवीने ऐकलं ना? काय सांगू? मी पाय मागितला होता, पाय गेला. गुडघा ठेवता आला असता, तोही गेला. हे दिवसभर ओसरीवर खाटेवर असतात. धान कापणी होते, मजूर येतात, हे तिथूनच पाहतात. जो पाय असताना त्यांना कळत नव्हता तो आता नसताना दुखतो. नसलेल्या तळव्याला खाज येते म्हणतात, नसलेली बोटं जळतात, आणि मी तिथे हात तरी कुठे ठेवू. कधी कधी माझ्याकडे असे पाहतात की मला उठून आत जावंसं वाटतं. एकदा म्हणाले, मला मरू दिलं असतं तर देवीच्या वाटेचा माणूस म्हणून गेलो असतो. म्हाताऱ्या बायका आता पाया पडायला येत नाहीत. एवढा भक्त आणि त्याचंच असं झालं, म्हणजे काहीतरी चुकलं असेल, असं त्यांच्यात बोललं जातं. ते माझ्या कानावर येतं.

तरी मी हा अनुभव लिहिते आहे. कारण मालगाडी त्या दुपारी फाटकात उभी राहिली नसती तर मी माझ्याच हाताने त्यांना मरायला घेऊन गेले असते, आणि वाटेत आईचं नावही घेतलं असतं. ती मालगाडी तिने थांबवली असं मी म्हणत नाही. गोंदियात मालगाड्या थांबतच असतात. पण मी ज्या दगडावर डोकं टेकवत होते त्याच्याकडे मी एक गोष्ट मागत होते आणि मला दुसरी मिळाली. मला खरं सांगणारं माणूस मिळालं. तेही देव न मानणारं. मला वाटायचं, शरण जाणं म्हणजे आपण बाकावर बसायचं आणि ती पाहून घेईल. आता वाटतं, आपल्याला जे ऐकायचं नाही ते ऐकून घेणं हीच खरी शरणागती असेल. ते मी ऐकलं. त्याची किंमत दुसऱ्याच्या शरीराने दिली, हे माझ्या घशात अजून अडकलेलं आहे.

टाके काढल्यावर मी डोंगरगडला रेल्वेने जाऊन नारळ चढवून आले. एकटी गेले. प्रसाद मॅडमना द्यायला नेला. त्या म्हणाल्या, प्रसाद मी घेत नाही, खोबरं खाते, आण. उभ्या उभ्या तुकडा चावत त्यांनी मला विचारलं, पुढच्या वेळी इन्सुलिन न्यायला केव्हा येणार. मी दिवस सांगितला. त्या म्हणाल्या, मग तेव्हा सर्जरीच्या जिन्याजवळ थोडा वेळ उभी राहत जा, तिथे लोक चुकतात.

तेव्हापासून मी उभी राहते. महिन्यातून एखादा दिवस, औषध घेऊन झालं की. फार काही करत नाही. हा जिना, ती खिडकी, हा माणूस दुपारनंतर भेटतो. जेवढं मला माहीत झालं तेवढंच सांगते.

मागच्या खेपेला एक बाई भेटली, माझ्याहून लहान. सासऱ्याला घेऊन आली होती, कागदांची पिशवी छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होती. मी विचारलं, डॉक्टरनं काय सांगितलं. ती म्हणाली, काही नाही, बरे होऊन राहिले म्हणतात. मी तिला वर घेऊन गेले. दारापाशी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बाई, तुमाले देवीनंच पाठवलं माह्यासाठी."

माझ्या ओठांवर आलं होतं, की अगं, डॉक्टर कुठे बसतो एवढं सांगायला देवी कशाला लागावी. यासाठी जर देवीला यावं लागत असेल तर आपलं किती वाईट चाललं आहे. पण मी बोलले नाही. तिच्याजवळ त्या वेळी दुसरं काही नव्हतं. मी तिला म्हटलं, आत जा, आणि पूर्ण सांगितल्याशिवाय उठू नको.

ती आत गेली. मी बाहेर बाकावर बसले आणि हात जोडले. तिचा सासरा बरा होऊ दे असं मी म्हटलं नाही. ते माझ्या हातात नाही, आणि कोणाच्या हातात आहे ते विचारायचं मी सोडलं आहे. मी एवढंच म्हटलं, की आई, आतला माणूस तिला खरं सांगू दे, आणि ते ऐकेपर्यंत तिला खुर्चीवर बसून राहायचं बळ दे. मला दिलंस तसं.